चालता खुंटा

पैज लागली तेव्हा लोहाराच्या मिशीला चहा लागला होता आणि माझ्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. पण पैज मारायला काही अंघोळ करून यावं लागत नाही.

"खुंटा पुन्हा हललाय," लोहार म्हणाला. बशीत बघून म्हणाला, माझ्याकडे नाही.

"पाय फुटले असतील त्याला," मी म्हणालो.

"फुटलेत ना. चिखलाचे पाय. कुंभाराच्या घरातले."

टपरीवर हशा झाला. टपरी मामीची, रेल्वेच्या फाटकाला लागून. फाटक पडलं की गाड्या थांबतात, गाड्या थांबल्या की चहा खपतो, म्हणून फाटकवाला मामीचा भाचा आहे असं लोक म्हणायचे. तो भाचाबिचा कुणी नव्हता. पण आमच्याकडे दोन माणसं एकमेकांशी नीट बोलली की लोकांना त्यात नातं दिसतं, नाहीतर कट.

"लोखंडाचा खुंटा उपटायला पकड कुणाकडे आहे?" मी म्हणालो. "माझ्याकडे थापी आहे. थापीने माठ फुगतो, खुंटा नाही उपटत."

"आणि उचापती कुणाकडे आहेत?" हे मामी बोलली. गाळणं आपटत बोलली.

तिचंही खरं होतं, गावात माझं नावच उचापत्या. एकदा मी फाटकावर उठवून दिलं होतं की बंदरावरून मालगाडीच्या टाकीतून समुद्राचं पाणी येणार आहे, सांधेदुखीवर एकदम गुण, फुकट मिळणार, भांडं ज्याचं त्याने आणायचं. त्या दिवशी माझे सगळे माठ खपले. गाडी आली, शिट्टी मारून निघून गेली, आणि अर्धा गाव माठ काखेत धरून रुळाकडे बघत उभा. हसून हसून माझं पोट दुखलं. फक्त त्या दिवसानंतर मी सूर्य उगवला म्हटलं तरी लोक आधी बाहेर डोकावून येतात.

"मग लाव पैज," लोहार म्हणाला. आता त्याने बशी खाली ठेवली. "ज्याच्या घरातला चोर निघेल त्याने बाजाराच्या दिवशी इंजिन व्हायचं. तोंडाला काजळी, डोक्यावर धुराडं, आणि फाटकापासून बाजाराच्या टोकापर्यंत कुकू करत धावायचं."

"एकट्यानेच? डबे नकोत?"

"डबे आपोआप लागतील. फुकटची गाडी कोण सोडतो?"

"लागली," मी म्हणालो आणि हातावर हात मारला. त्याचा हात ऐरणीसारखा. माझी बोटं झिणझिणली, पण मी तोंड हसरं ठेवलं. मामी साक्षीदार झाली. फाटकवाल्याने आतून हिरवं निशाण हलवलं.

आता हा खुंटा म्हणजे काय ते सांगतो. वरच्या शहरातून माल घेऊन बंदराला जाते ती आमची रेल्वे. रूळ एकच. खाली जाणारी गाडी भरलेली असते, ती जमीन हलवते. वर येणारी रिकामी असते, ती नुसती बोंबलते. आम्ही कुंभार लोक पोटातूनच ओळखतो कुठली आली ते. भरलेली येत असली की चाक थांबवायचं आणि ओल्या माठाला दोन्ही हातांनी धरून बसायचं, तापातल्या लेकराला धरावं तसं. गाडी गेली की पुन्हा चाक. आमच्या घरात सगळ्यांचं काम असंच गाडीबरोबर थांबतं आणि गाडीबरोबर सुरू होतं.

तर या रुळाशेजारी दुसरा रूळ टाकायचं ठरलं. मोजणीवाले आले ते नेमके बाजाराच्या दिवशी. वस्तीतले सगळे बाजारात. संध्याकाळी परतलो तेव्हा ते ट्रॉलीवर बसून निघूनही गेले होते. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर बघतो तर रुळाच्या कडेने लांबपर्यंत खुंटे ठोकलेले. लाल डोक्याचे, लोखंडी. नवा रूळ खुंट्याखुंट्याने जाणार. आमच्यापाशी रूळ वळण घेतो, तिथे वरच्या अंगाला माझा आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, आणि खालच्या अंगाला लोहाराचं छप्पर. मधे उतार आणि चर. वळणावरचा खुंटा बरोबर चराच्या मधोमध होता. माझा आवा वाचला, त्याचं छप्पर वाचलं. त्या दिवशी लोहाराने मला स्वतःच्या पैशाने चहा पाजला. यावरून कळेल आनंद केवढा होता.

मग खुंटा चालायला लागला.

एका सकाळी तो लोहाराच्या पाण्याच्या हौदाकडे सरकलेला. लोहार पेटला. नंतर माझ्या मातीच्या खड्ड्याकडे. मी पेटलो. मग परत हौदाकडे. मोजणीवाल्यांचा मुकादम येऊन बजावून गेला होता, साहेब पुन्हा येणार, खुंट्यांच्या जागी पक्के दगड बसणार. ज्याचं घर जाईल त्याला बदली जागा मिळेल. पण खुंट्याला ज्याने हात लावला असेल, त्याच्या घराला वीतभरही मिळणार नाही.

बायकोने हे ऐकलं त्या दिवसापासून ती मला नीट जेवूही देईना.

"अहो, खरं सांगा. तुम्हीच ना?"

"मी कशाला?"

"गंमत म्हणून."

"स्वतःच्या आव्याची गंमत करीन का?"

"तुम्ही स्वतःच्या लग्नात नवरा पळाला म्हणून ओरडला होतात."

हे खरं होतं. सासरे चप्पल न घालता रस्त्यापर्यंत धावले होते. मी माती तुडवायला लागलो. माती तुडवताना टाच आधी टेकवायची, मग पाऊल फिरवायचं. खडा लागला की बोटांनाच कळतं. ती समोर बसून माठाचं बूड थापत होती, आतून गोटा, बाहेरून थापी. थप, थप. मधेच थांबायची, माझ्याकडे बघायची, पुन्हा थप. त्या बघण्यात काय होतं ते मला कळत होतं. मग मलाही वाटायला लागलं, हीच तर नसेल? हिला आव्याचा धूर कधी आवडला नाही. बदली जागा मिळाली तर फाटकापलीकडे राहायला मिळेल, बाजार जवळ. मी टाच फिरवत तिच्या हातांकडे बघितलं. मातीचे हात, त्यावरून काय कळणार.

घरात तिसरं माणूस आत्या. वडिलांची बहीण. तिचा आणि तिच्या शेळीचा संसार वेगळा. आम्ही उठायच्या आत ती शेळीला घेऊन बाहेर, ऊन चढायच्या आत परत. बाकी दिवसभर परसात बसून राखेने काहीतरी घासायचं आणि जगाला शिव्या द्यायच्या. तिच्यावर कोण संशय घेणार? जिला रेल्वे म्हणजे काय विचारलं तर ती म्हणते, शेळीला दचकवणारी.

मी सापळा लावला. संध्याकाळी जाऊन खुंट्याभोवती आव्याची राख पसरली, बारीक चाळून. पाऊल उमटणारच. सकाळी कामाला लागायच्या आधी जाऊन बघितलं. खुंटा जुन्या जागेवरून गेलेला, आणि राखेत नुसते खूर. शेळीचे. माणसाचं पाऊल म्हणाल तर सगळं तुडवून फिसकटलेलं.

मी उकिडवा बसून बराच वेळ त्या खुरांकडे बघत राहिलो. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. लोहार! लोखंडाचे खूर करून काठीला बसवले असणार. स्वतः मागे मागे काठी टेकवत चालला असणार. काय डोकं आहे बेट्याचं! इतका राग आला आणि इतकं कौतुकही वाटलं. अशी उचापत मला का सुचली नाही?

मी टपरीवर हे सांगितलं. लोहार माझ्याकडे असा बघत राहिला, जसा तो वाकडी पहार आणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतो.

"लोखंडाचे खूर," तो म्हणाला.

"हो."

"मी."

"मग काय शेळीने उपटला खुंटा?"

सगळे हसले. मीही हसलो. आता आठवलं की तोंड कुठे लपवू असं होतं, पण तेव्हा हसलो.

लोहारही काही कमी नव्हता. त्याने गुपचूप खुंट्याच्या डोक्याला बैलगाडीच्या आसाचं वंगण फासून ठेवलं. काळं, चिकट, आठवडाभर न निघणारं. मला काय माहीत. सकाळी मी नेहमीसारखा गेलो, खुंटा कुठवर आला ते बघितलं, पक्का आहे का म्हणून हलवून बघितला, आणि तसाच टपरीवर. पेला उचलला तोच लोहार बाकावर उभा राहिला.

"हात! हात बघा त्याचा!"

मी हात बघितला. तळवा काळाकुट्ट.

"मी बघायला गेलो होतो," मी म्हणालो.

"सगळेच चोर बघायला जातात," फाटकवाला म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मामीने माझ्या हातातला पेला काढून घेतला, पुसला, आणि म्हणाली, "आधी धुऊन ये." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. मी टपरीमागे जाऊन घासघास घासलं, निघेना. परत आलो तर बाकावरची माणसं पाय पसरून बसलेली. माझ्यापुरती जागाच नव्हती. मी उभ्याने चहा प्यायलो. गंमत सुचेना. माझ्यासारख्या माणसाला गंमत न सुचणं म्हणजे ताप भरल्यासारखं असतं.

घरी आलो तर परसात आत्या राखेने हात घासत होती आणि पुटपुटत होती, "मेल्यांना वस्तू नीट ठेवता येत नाही, ओशट करून ठेवली." ती रोजच काही ना काही घासते. मी आपल्याच काळ्या हाताच्या विचारात होतो.

त्या आठवड्यात आवा लावायचा होता. आवा लावणं एकट्याच्या घरचं काम नाही. मोठे रांजण खाली, त्यावर माठ, सांदीत लहान मडकी, मग गवत, गोवऱ्या, वरून राख आणि ओल्या मातीचा लेप. दरवर्षी रांजण लोहार उचलायचा. एका हाताने काठ, एका हाताने बूड, ओठ मिटून, आणि ठेवताना आवाजसुद्धा होऊ द्यायचा नाही. ऐरणीवर घण घालणाऱ्या माणसाचे हात इतके हळुवार कसे, असं बायको दरवेळी म्हणायची, आणि दरवेळी मला राग यायचा.

यंदा तो आला नाही. कुणीच आलं नाही. मी आणि बायको, दोघांनी रांजण आडवे करून, पोत्यावरून लोळवत नेले. तिच्या पाठीत उसण भरली. ती वाकलेली तशीच राहिली, एक हात कमरेवर, आणि म्हणाली, "बोलवा ना त्याला."

"नाही बोलवणार."

"मग मी बोलवते."

"तो येईल आणि रांजणाला वंगण लावून जाईल."

तेवढ्यात खाली जाणारी गाडी आली, भरलेली. आम्ही दोघं रांजणाला मिठी मारून बसलो, ती एका बाजूने, मी दुसऱ्या. जमीन थरथरली. गाडी संपता संपेना. रांजणाच्या पोटातून बारीक टक असा आवाज आला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. बुडाला तडा. मी तो बाजूला ठेवला आणि पुढचा लोळवायला घेतला. समोरच्या छपरात लोहार घण थांबवून आमच्याकडे बघत होता. मी बघितलं तसा त्याने घण घातला.

आवा पेटला. धूर लेपाच्या भेगांतून हळूहळू यायला लागला, आधी पांढरा, मग निळसर. डोळे चुरचुरत होते. आवा भाजून निघाला, निवायला ठेवला, आणि साहेब येण्याचा दिवस उगवला.

त्या सकाळी मला झोप लागेना म्हणून मी लवकरच उठलो आणि खुंटा बघायला उताराकडे निघालो. तांबडं फुटत होतं. हौदाच्या ओलीला गवत कंबरेइतकं वाढलेलं. लोहाराच्या हौदातून पाणी सांडतं तिथे, आणि माझ्या मातीच्या खड्ड्याला पाणी साचतं तिथे. बाकी सगळा उतार करपलेला. गवताआडून ठक ठक आवाज येत होता. म्हटलं, सापडला लोहार. वाकून वाकून पुढे गेलो आणि गवत बाजूला केलं.

आत्या. हातात दगड. खुंट्याच्या लाल डोक्यावर दगड घालत होती. खुंट्याला दोरी, दोरीला शेळी. शेळी मजेत चरत होती.

मी गवत सारून पुढे झालो.

"आत्या, हे काय करतेस?"

"दिसत नाही? कालचं गवत संपलं."

माझ्या डोळ्यांसमोर सगळं एकामागून एक आलं. खूर. राखेने घासलेले हात. हौद, खड्डा, परत हौद. जिथे गवत तिथे खुंटा. मी शेळी सोडली, आत्याला दंडाला धरून घरी आणली. परत येऊन खुंटा उपटायला लागलो तर मागून रुळावरून घरघर. ट्रॉली. साहेब आले होते, उजाडताच. खुंटा हौदाशी तसाच राहिला.

बायकोला आत नेऊन सांगितलं. ती आधी हसली. मग तिचं हसू गेलं.

"गप्प बसायचं," ती म्हणाली. "जागा जाईल. तोंड उघडायचं नाही."

"बरं."

"शपथ घ्या."

"तू माझ्या शपथेवर कधीपासून विश्वास ठेवायला लागलीस?"

बाहेर वस्ती जमली होती. साहेब बारीक अंगाचा, टोपीतला माणूस. सोबत मुकादम आणि तिवईवर बसवलेली दुर्बीण. साहेबाने हौदाशी उभा खुंटा बघितला. वाकून त्याच्या डोक्यावरून बोट फिरवलं.

"हा ठोकलाय," तो म्हणाला. "वरचेवर ठोकलाय. खुणा ताज्या आहेत. इथे ठोकाठोकीचं काम कोण करतं?"

नाव घ्यायची गरज नव्हती. सगळ्यांच्या माना लोहाराच्या छपराकडे वळल्या. लोहार हातातला चिमटा धरून उभा होता, त्यात तापलेला लोखंडाचा तुकडा हळूहळू काळा पडत होता.

"साहेब, मी कशाला माझ्याच हौदाशी आणून ठोकीन?"

"संशय येऊ नये म्हणून," साहेब म्हणाला. "असेही लोक असतात."

हे बोलणं मी टपरीवर केलं असतं तर टाळी घेतली असती. लोहाराची बायको मागे उभी होती. तिने पदर तोंडात धरला. मुकादमाने नाव टिपायला पाटी काढली. "याला जागा नाही," तो म्हणाला.

लोहाराने माझ्याकडे बघितलं. माझ्या काळ्या हाताकडे बघितलं. तो म्हणू शकला असता, याचे हात बघा. म्हणाला नाही. का म्हणाला नाही ते मला आजही कळलेलं नाही, आणि मी त्याचा संशय घ्यायचं सोडलेलं नाही.

"साहेब," मी म्हणालो. बायकोने मागून चिमटा काढला. "खुंटा आमच्या घरातून हलला."

"कुणी हलवला?"

"शेळीने."

अख्खी वस्ती हसली. मामी म्हणाली, "अरे, निदान आज तरी!" साहेबाला राग आला. "ही चेष्टेची वेळ आहे?"

"चेष्टा नाही हो! आत्या शेळी बांधते त्याला! रोज गवत बघून हलवते!"

"साहेब, याचं ऐकू नका," फाटकवाला म्हणाला. "याने समुद्र आणला होता मालगाडीतून."

बघा म्हणजे. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायला गेलो आणि कुणी घेईना. मी घाम पुसत होतो, वंगण कपाळाला लागत होतं, आणि लोहारसुद्धा मान हलवत होता. "राहू दे रे," तो म्हणाला. "माझ्यासाठी खोटं बोलू नकोस."

मुकादमाने खुंटा उपटला आणि खांद्यावर टाकला. तेवढ्यात घरातून आत्या बाहेर आली. शेळी ओढत, तरातरा.

"ए बाबा! ठेव तो! माझा खुंटा कुठे घेऊन चाललास?"

मुकादम दचकला. आत्याने त्याच्या खांद्यावरून खुंटा काढून घेतला, हौदाच्या ओलीत टोक रोवलं, दगड उचलला, ठक ठक ठक, शेळी बांधली, दोरीला हिसका देऊन बघितला, आणि कमरेवर हात ठेवून वळली.

"चोर मेले. आणि तू रे टोपीवाल्या, तूच ना तो? परवा माझ्या दारात पुरून गेलास? दारात काय गवत आहे? आव्याच्या तोंडाशी शेळीने काय राख खायची? खुंटा द्यायचाच तर गवत बघून द्यावा!"

पहिल्यांदा लोहार हसला. मग मामी, मग सगळे. साहेबाने टोपी काढली आणि तोंडावर धरली. हसण्याचा असा लोट आला की शेळीने चरणं थांबवून वर बघितलं.

मी मात्र हसलो नाही. बायकोही नाही. आम्ही दोघं आत्याचे शब्द ऐकत होतो. आमच्या दारात. आव्याच्या तोंडाशी. म्हणजे त्या पहिल्या सकाळी, आम्ही उठायच्या आधीच, ती खुंटा चरात घेऊन गेली होती. जी जागा बघून आम्ही चहा प्यायलो होतो ती रेल्वेची नव्हतीच. शेळीची होती.

"मोजणी काही खुंट्यावरून होत नाही," साहेब डोळे पुसत म्हणाला. "रेल्वेच्या पुलावरच्या खुणेवरून होते. खुंटा नुसता दाखवायला." तो दुर्बिणीला डोळा लावून बसला. मुकादम तांबडी-पांढरी काठी घेऊन चालायला लागला. साहेब हाताने सांगत होता, अजून वर, अजून. काठी हौदापासून निघाली, चर ओलांडला, माझा खड्डा ओलांडला, आणि आव्याच्या तोंडाशी उभी राहिली. आवा अजून कोमट होता. आत वर्षाचं सगळं काम होतं.

"साहेब, जरा पुन्हा बघा," लोहार म्हणाला.

साहेबाने पुन्हा बघितलं. काठी तिथेच.

बायको पुढे गेली आणि आव्याच्या लेपावर तळहात ठेवून उभी राहिली. पाठ अजून वाकडीच होती तिची.

"आवा जाणार," साहेब म्हणाला. "माल काढून घ्या आधी."

"आणि जागा?" मी विचारलं. "मुकादम म्हणाला होता, ज्याने खुंटा हलवला त्याला नाही."

बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी अर्धा फूट खाली गेलो. पण विचारून बसलो होतो.

साहेबाने शेळीकडे बघितलं, आत्याकडे बघितलं. मग वस्तीकडे वळला. "खुंटा हललेला कुणी बघितला का?"

इतके दिवस जी वस्ती डोळ्यांत तेल घालून एकमेकांवर पाळत ठेवून होती, ती आता आकाशाकडे बघायला लागली.

"मी नाही बघितला," लोहार म्हणाला. "मी खाली बघून काम करतो."

"कुठला खुंटा?" मामी म्हणाली.

फाटकवाला म्हणाला, "माझं लक्ष सिग्नलकडे असतं."

साहेबाने टोपी घातली. "फाटकापलीकडे रिकामी पट्टी आहे. कुठला तुकडा हवा ते तुम्ही बघून ठेवा." आणि मुकादमाला म्हणाला, "म्हातारीला तो ठोकून वाकडा झालेला खुंटा देऊन टाक. नाहीतर पुढचे सगळे घेऊन जाईल."

आवा उघडायला लोहार आला. बोलावलं नव्हतं. रांजण एकेक करून बाहेर काढले, आवाज न होऊ देता. शेवटचा ठेवल्यावर म्हणाला, "पैज राहू दे."

"का? तुझा काय डाव आहे?"

"डाव कसला? आवा गेला तुझा. इंजिन काय व्हायचं आता."

"म्हणजे जन्मभर तू टपरीवर म्हणायला मोकळा, कुंभाराने पैज बुडवली. मला कळतं सगळं."

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याची मिशी हलायला लागली.

बाजाराच्या दिवशी मी आव्याच्या तोंडात हात घालून शेवटची काजळी काढली आणि तोंडाला फासली. तडा गेलेल्या रांजणाबरोबर एक उंच मानेचं मडकंही होतं, बूड निघालेलं. ते धुराडं म्हणून डोक्यावर चढवलं. फाटकाशी आलो तर ही गर्दी. बाजारच उठून आला होता म्हणा. मी कमरेवर हात घेतले, कोपर फिरवले आणि शिट्टी मारली. "कू!"

फाटकवाल्याने काय करावं? फाटक पाडलं. चक्क घंटी वाजवून, दोन्ही बाजूंनी. ट्रक थांबले, सायकली थांबल्या, बैलगाडीवाल्याने आईवरून शिवी दिली. मामीने लगेच आधण वाढवलं.

मागून कुणीतरी माझी कंबर धरली. हात ऐरणीसारखे.

"तू कशाला? तू जिंकलास ना?"

"पहिला डबा," लोहार म्हणाला.

"भरलेला की रिकामा?"

"बोंबलत चाललोय ना? रिकामाच."

त्याच्या मागे त्याची बायको लागली, तिच्या मागे मामीकडची गिऱ्हाइकं. माझी बायको रस्त्याच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभी होती. मला वाटलं ती तोंड फिरवून जाईल. ती आली आणि लोहाराला बाजूला सारून माझ्या मागे उभी राहिली. "मडकं वाकडं झालंय," म्हणाली आणि सरळ केलं. सगळ्यात मागे गार्डाच्या डब्यासारखी आत्या, काखेत वाकडा खुंटा आणि दोरीला शेळी.

निघालो. झुक झुक झुक झुक. काजळीवरून घाम ओघळत होता, डोळ्यांत जात होता, लोक पोट धरून हसत होते. पडलेल्या फाटकाच्या कडेने पलीकडे गेलो, रिकाम्या पट्टीजवळ आलो, आणि गाडीला मागून एवढा हिसका बसला की माझं धुराडं पुढे येऊन नाकावर पडलं.

"थांबव रे!" आत्या ओरडली. "शेळीला गवत दिसलंय!"

सगळी गाडी उभी राहिली. आत्याने रस्ता सोडला, पट्टीत उतरली, खुंट्याचं टोक जमिनीत रोवलं आणि दगड शोधायला लागली. दगड मिळेना. तेव्हा लोहाराने रांग सोडली, कमरेची हातोडी काढली, आणि दोन घावांत खुंटा पक्का केला.

बायको खाली वाकली, उसण भरलेल्या पाठीवर हात ठेवून, आणि मूठभर माती उचलून बोटांनी चुरली. वास घेतला.

"ओल आहे," ती म्हणाली. "खडा कमी आहे."

मी धुराडं नाकावरून वर केलं. मागचे डबे ओरडत होते, इंजिनाला काय झालं, कोळसा संपला का. अजून बाजाराचं टोक बाकी होतं.

"कू!" मी म्हणालो.